हातचे दीडशे टन

“किती म्हणालात?”

“साडेअठराशे, बाई.”

“कॅप्टन, ‘द्वारका’ परवाच गोदीतून तळ खरवडून आली. शेवाळ गेलं, शिंपले गेले. आणि तुम्ही मला साडेअठराशे टन सांगताय?”

फोनमध्ये नुसता वारा घोंघावत होता. मागे कुणीतरी लोखंडावर हातोडी मारत होतं. परकार कॅप्टन घसा खाकरून म्हणाले, “ह्या वेळी खरंच तेवढेच होतील.”

“तुमचे साडेअठराशे म्हणजे दोन हजार, हे मला काय आज कळतंय? दोन हजार लिहितेय मी.”

“बाई, ऐका तर.”

“अमावास्येचं उधाण आहे. उद्या साडेबाराला खाडीच्या तोंडाशी या. दोन हजार भरा.”

पलीकडची हातोडी थांबली. मला वाटलं, फोन तुटला. मग ते म्हणाले, “बरं. तुमच्यासाठी घेतो.”

मी फोन ठेवला आणि पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “द्वारका, दोन हजार.”

चिन्मय बिवलकरने स्क्रीनवरून मान वर केली. “मॅडम, मला त्यांनी साडेअठराशे सांगितले होते.”

“तुम्हाला सांगितले असतील,” मी म्हणाले.

त्या वाक्याची चव मला दिवसभर पुरली. संध्याकाळी घरी जाताना बाजारातून अर्धा डझन केळी घेतली तर केळीवाली म्हणाली, आज खुशीत दिसताय, बाई. मी होतेच खुशीत. ह्याला आता तेरा वर्षं झाली, पण तो दिवस मला घड्याळासकट आठवतो.

मी कुमुद पेडणेकर. रत्नागिरीत नाना सामंतांच्या कंपनीत कोळशाच्या बार्जचं नियोजन करायचे. परदेशातून कोळसा घेऊन येणारी मोठी जहाजं शिरवलीच्या खाडीत शिरू शकत नाहीत. ती बाहेर सहा मैलांवर नांगर टाकतात. आमच्या सात बार्जनी त्यांच्यापाशी जायचं, पोटात कोळसा भरून घ्यायचा आणि खाडीतल्या कारखान्याच्या धक्क्यावर नेऊन रिकामा करायचा. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा बांध आहे. तो भरतीतच ओलांडता येतो, आणि बार्ज जास्त भरली तर भरतीतही येत नाही. कोणती बार्ज कधी निघेल, किती टन घेईल, कुठल्या भरतीला आत शिरेल, हे सगळं अकरा वर्षं मी ठरवत होते. नानांनी बार्जना आपल्या आत्या-मावश्यांची नावं दिली होती, त्यामुळे ऑफिसात दिवसभर द्वारका कुठे अडकली, गोदावरी किती खाते, असलं बोलणं चालायचं आणि नवीन माणूस चक्रावून जायचा.

ह्या कामात भरतीची वेळ काढणं सोपं. अवघड असतो तो कॅप्टनचा आकडा. दर फेरीआधी मी विचारायची, किती घ्याल? आणि एकही कॅप्टन खरं सांगायचा नाही. सगळे हातचं राखून सांगायचे. त्यात लबाडी नसायची. ऑफिसातली माणसं नेहमी थोडं जास्तच भरायला लावतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून ते आधीच कमी सांगायचे. ते कमी सांगतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी जास्त लिहायची. मी जास्त लिहिणार हे त्यांना ठाऊक होतं. असा तो संसार चालला होता. जांभारकर शंभर टन राखायचे. मिरकर सत्तर, पण घरी भांडण झालेलं असलं तर एकशेवीस, आणि ते आवाजावरून कळायचं. परकार दीडशे. ते सतराशे म्हणायचे, मी साडेअठराशे लिहायची, ते निमूट साडेअठराशे भरून आणायचे. अकरा वर्षांत त्या दीडशे टनांबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो.

आणि मला त्याचा अभिमान होता. मी ह्या माणसांना क्वचितच पाहिलं होतं. बाईमाणसाने लाँचने जायचं, दोराच्या शिडीने बार्जवर चढायचं, हे ना नानांच्या डोक्यात कधी आलं ना माझ्या. परकारांना मी दोनदाच प्रत्यक्ष भेटले होते, दोन्ही वेळा दसऱ्याला ऑफिसच्या दारात, पेढा हातात घेऊन अवघडून उभे असलेले. पण त्यांच्या खोट्यावरून मी त्यांचं खरं ओळखायची, आणि हे जगात मी एकटीच करू शकते अशी माझी समजूत होती.

मग नानांनी सॉफ्टवेअर आणलं आणि ते चालवायला बिवलकर आणला. हा मुलगा परदेशी जहाजांवर सेकंड ऑफिसर होता. वडील गेल्यावर आईपाशी राहायचं म्हणून किनाऱ्यावर आलेला. वय एकोणतीस, अंगाने शिडशिडीत, बोलायला मऊ. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बार्जचे आकडे घाला, भरतीचं कोष्टक घाला, बाहेरच्या जहाजात किती कोळसा उरलाय ते घाला, की अर्ध्या मिनिटात सात बार्जचा आठवड्याचा बेत समोर. तोच बेत करायला मला सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ लागायचा. शिवाय नकाशावर सातही बार्ज हिरव्या ठिपक्यांनी सरकताना दिसायच्या.

सॉफ्टवेअरचा मला राग नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण ऑफिसात सगळ्यांनी तसंच धरलं होतं. शिपाईसुद्धा माझ्यासमोर कॉम्प्युटरचं नाव दबक्या आवाजात घ्यायचा. उलट मला ते आवडलं होतं. कोष्टकं बघून बघून माझे डोळे गेले होते. मला राग होता तो बिवलकर दर शनिवारी लाँचने बार्जवर जायचा त्याचा. सकाळी जायचा, तिथे त्यांच्याबरोबर जेवायचा आणि चारच्या सुमारास डिझेल आणि तळलेल्या बांगड्याचा वास घेऊन परत यायचा. जी माणसं माझ्याशी अकरा वर्षं तीन वाक्यांपलीकडे बोलली नव्हती, ती फोन करून मला विचारायची, “बिवलकर आहेत का?” एकदा त्याच्या फोनमधून परकारांचं हसणं ऐकू आलं. मोठं, खोकल्यात संपणारं हसणं. परकार हसतात कसे, हे मला तेव्हा कळलं.

एका शनिवारी तो डबा घेऊन आला. “मॅडम, परकारांच्या घरची सांदणं. त्यांच्या बायकोने दिलीत.”

“मला चतुर्थी आहे,” मी म्हणाले.

त्या दिवशी षष्ठी होती. आमच्या धंद्यात भरती तिथीवर चालते, त्यामुळे तिथी सगळ्यांना तोंडपाठ असते. बिवलकरलाही ती ठाऊक होती. त्याने डबा माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि गेला. सांदणाचा वास सुटला होता आणि मला सपाटून भूक लागली होती. मी तो डबा शिपायाला देऊन टाकला.

नानांनी नियोजनप्रमुखाची नवी जागा काढली होती आणि तिथे कोणाला बसवायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. म्हणून त्यांनी शर्यतच लावली. तीन महिने, एक आठवडा माझ्या बेताने, एक आठवडा सॉफ्टवेअरच्या. शेवटी ज्याच्या आठवड्यांत जास्त कोळसा धक्क्याला लागेल, त्याची खुर्ची. ती खुर्ची माझी होती. अकरा वर्षं मी ते काम खुर्चीशिवाय करत आले होते.

पहिल्या महिन्यात सॉफ्टवेअर साफ आपटलं. आपटणारच होतं. बिवलकर कॅप्टनांचे आकडे जसेच्या तसे आत घालायचा, आणि प्रत्येक बार्ज शंभर-दीडशे टन रिकामी यायची. मला कारण माहीत होतं. मी ते सांगितलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. मी नाही सांगितलं. तो कपाळाला आठ्या घालून आकडे ताडून बघायचा आणि मी समोर बसून शांतपणे चहा प्यायची. दुसऱ्या महिन्यात मात्र त्याचे आकडे एकदम वर चढले. मला वाटलं, मशीन शिकलं असेल. मी विचारलं नाही, त्याच्या स्क्रीनकडे मान वळवून बघितलंही नाही. शेवटचे दोन आठवडे उरले तेव्हा तो माझ्यापुढे चारशे टन होता.

म्हणून ‘द्वारका’ गोदीतून आली आणि परकारांनी सतराशेच्या जागी साडेअठराशे सांगितले, तेव्हा मला देव पावल्यासारखं झालं. साडेअठराशेवर हातचे दीडशे, म्हणजे दोन हजार. चार फेऱ्यांत सहाशे टन. खुर्ची खिशात.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजल्यापासून मी काही ना काही निमित्ताने बिवलकरच्या टेबलाजवळून जात होते. आधी पंचिंग मशीन मागितलं, मग ते परत केलं. शेवटी तोच म्हणाला, “बसा ना मॅडम, बघा.” मी उभ्यानेच बघितलं. हिरवा ठिपका खाडीच्या तोंडाशी येत होता.

“लाट आहे थोडी,” तो म्हणाला. “किती भरले शेवटी?”

“सांगितले तेवढे.”

“दोन हजार?” त्याचा चेहरा पडला. “मॅडम, त्यांनी खरंच भरले?”

“का? तुमचं मशीन नाही म्हणतंय?”

तो उत्तर द्यायच्या आत ठिपका थांबला. बारा अडतीस झाले होते. आधी मला वाटलं, नेटचा घोळ असेल. बिवलकरने स्क्रीन ताजी केली. ठिपका तिथेच. बाकीचे सहा हळूहळू सरकत होते.

माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

“बाई,” परकार म्हणाले, “बसली.”

“निघत नाही?”

“मागे घेऊन बघितली. नाही हलत. पाणी उतरायला लागलंय.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “माणसं सगळी ठीक आहेत. बिवलकरांना जरा फोन देता?”

मी फोन दिला. ते दोघं दहा मिनिटं बोलले. बिवलकर एक एक गोष्ट विचारत होता, कुठल्या टाकीत पाणी, वाळू पुढे लागलीय की मधे, आणि मधूनच “हो, कॅप्टन, हो,” असं लहान मुलाला समजवावं तसं म्हणत होता. ज्या माणसाला मी वाळूत घातलं होतं, त्याला तो धीर देत होता. मला माझ्याच टेबलापाशी उभं राहायला जागा नव्हती.

त्याने फोन ठेवल्यावर मी म्हणाले, “दोन हजाराने असं व्हायला नको होतं. हातचं राखतातच ते.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “मॅडम, ते आता राखत नाहीत.”

“म्हणजे?”

“दोन महिने झाले. मी बार्जवर जाऊन सगळ्यांशी बोललो. म्हटलं, तुम्ही जे चोरून राखता ते मी उघड राखतो. तळाखाली एक वीत पाणी सॉफ्टवेअरमध्येच धरून ठेवतो, त्याला कुणी हात लावणार नाही. तुम्ही फक्त खरा आकडा सांगा, त्यावर एक टन मी घालणार नाही. सगळ्यात आधी परकार तयार झाले.”

“मला तर सतराशेच सांगत होते ते. परवा-परवापर्यंत.”

“हो. तुमच्या आठवड्यात सतराशे, माझ्या आठवड्यात साडेअठराशे. तुम्ही दीडशे घालणार हे त्यांना माहीत होतं ना. मलाच ते बरं वाटेना. ह्या वेळी मीच त्यांना म्हटलं, मॅडमनाही खरं सांगून टाका.”

मी खुर्चीत बसले.

“आणि गोदीत तळाला नवे पत्रे मारलेत,” तो हळू आवाजात म्हणाला. “शेवाळाचं वजन गेलं, पत्र्यांचं आलं. बार्जवर गेलं की दिसतं.”

दीडशे टनांनी बार्ज वीतभरातलं बरंचसं पाणी खाऊन टाकते. उरली होती चार बोटं, आणि तेवढी एका लाटेने घेतली. हे मला आपोआप कळत होतं, ते माझं कामच होतं. पण त्या वेळी मी त्याचा विचार करत नव्हते. परकारांनी दोन महिने ह्याला खरं सांगितलं. मला अकरा वर्षांत एकदाच सांगितलं, तेही ह्याच्या सांगण्यावरून. बार्ज वाळूत बसली होती, तळ तडकत होता, आणि मी मत्सराने जळत होते. दुसरा शब्द नाही त्याला.

पुढच्या भरतीला टगने ‘द्वारका’ ओढून काढली. पाचशे टन कोळसा आधी दुसऱ्या बार्जवर उतरवावा लागला. तळाला हातभर लांब चीर गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला नानांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. विमा कंपनीचा सर्व्हेअर वही उघडून बसला होता. नाना टेबलामागे, बिवलकर लॅपटॉप घेऊन एका बाजूला, मी दुसऱ्या. परकार उभेच होते. नानांनी दोनदा बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आणि दाढी करताना हनुवटीला कापलेलं दिसत होतं.

“परकार,” नाना म्हणाले, “तीस वर्षं पाण्यावर आहात. दोन हजार भरलेत कसे?”

मी तोंड उघडलं होतं. काय सांगायचं ते मला रात्रभर सुचलं नव्हतं, पण काहीतरी सांगणार होते. परकार माझ्याआधी बोलले.

“माझी चूक, नाना. बाईंना मीच फोनवर म्हटलं, दोन हजार बसतील. बाईंनी माझ्या शब्दावर लिहिले.”

सर्व्हेअर लिहू लागला. नाना माझ्याकडे वळले, मी खाली बघितलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. सुटले, एवढंच मनात आलं.

“मग ह्यांच्या कॉम्प्युटरात साडेअठराशे कसे?”

“ते सवयीने सांगितलेले. हातचं राखायची खोड आहे मला. ह्या वेळी म्हटलं, बघू या सगळे भरून. अंदाज चुकला.”

“तुम्हाला घरी बसावं लागेल, परकार. कळतंय ना?”

“कळतंय, नाना.”

सर्व्हेअरचं समाधान झालेलं नव्हतं. त्याने चष्मा वर करून बिवलकरला विचारलं, “तुमचं सॉफ्टवेअर प्रत्येक फेरीनंतर पडताळणी ठेवतं ना? कॅप्टनने सांगितले किती आणि प्रत्यक्षात बसले किती?”

“ठेवतं.”

“मग हे गृहस्थ राखून सांगतात, असं दिसतं त्यात?”

बिवलकरच्या लॅपटॉपवर त्याच्या आठवड्यांतल्या दोन महिन्यांच्या फेऱ्या असणार. परकारांच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. त्याने परकारांकडे बघितलं. परकारांनी किंचित मान हलवली, इतकी किंचित की सर्व्हेअरला दिसली नाही, नानांना दिसली नाही. मला दिसली. बिवलकरने लॅपटॉप अर्धा मिटला.

“दिसतं,” तो म्हणाला. “साधारण दीडशे टन राखतात ते.”

दीडशे. मी जे अकरा वर्षं कुणाकडे बोलले नव्हते, परकारांशीसुद्धा नाही, ते तो सर्व्हेअरसमोर सहज बोलून गेला. बार्जवर कधीतरी जेवताना परकारांनी ते सांगितलं असणार, कदाचित हसत, खोकत. आणि आता तो आकडा तो माझ्यासाठीच खर्च करत होता. मला वाचवायला ते दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांना खुणा करत होते आणि मी मधे पाहुण्यासारखी बसले होते. मी गप्प राहिले असते तर खुर्ची मिळाली असती. घरी आईला सांगता आलं असतं. ते सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. पण मी खुर्चीत बसेन आणि जन्मभर ह्या दोघांच्या डोळ्यांत एक गोष्ट असेल, त्यांची दोघांची, मला न विचारता केलेली, हे मला सहन होईना.

“खोटं आहे,” मी म्हणाले.

नाना दचकले. “काय?”

“दोघंही खोटं बोलताहेत. कॅप्टननी मला साडेअठराशेच सांगितले. खरंच तेवढे होतील, असंही म्हणाले. दोन हजार मी लिहिले. ते ऐका म्हणत होते, मी ऐकलं नाही. आणि बिवलकरांच्या लॅपटॉपवर दीडशे-बिडशे काही नाही. उघडून बघा.”

“बाई,” परकार म्हणाले.

“तुम्ही बोलू नका.”

सर्व्हेअरने हात पुढे केला. बिवलकरने लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर सरकवला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. केबिनमध्ये फक्त माउसचा आवाज येत होता, एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी. सर्व्हेअरने वहीतलं पान फाडलं आणि नव्याने लिहायला घेतलं.

खुर्ची बिवलकरला मिळाली. परकारांना महिनाभर घरी बसवलं, आकडा माहीत असून जास्त भरले म्हणून, आणि मग पुन्हा ‘द्वारका’वर पाठवलं. मला नानांनी काढलं नाही. मी बिवलकरच्या हाताखाली आणखी बारा वर्षं काम केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्याने मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही, आणि त्यामुळे मला फार त्रास झाला. नाना मात्र ती हकिगत दरवर्षी दसऱ्याला नव्या माणसांना सांगायचे. ह्या पेडणेकरबाई, स्वतःचं नुकसान दिसत असताना खरं बोलल्या, नाहीतर एका गरीब कॅप्टनचं वाटोळं झालं असतं. लोक माझ्याकडे आदराने बघायचे. निरोप समारंभात शाल देतानाही त्यांनी तेच सांगितलं. मी कधी दुरुस्ती केली नाही.

त्या चौकशीच्या दिवशी केबिनमधून मी सगळ्यांच्या आधी बाहेर पडले. मला रडायला येत होतं आणि शिपायासमोर रडायचं नव्हतं. जिन्याच्या मधल्या वळणावर पोचले तोच मागून पावलं वाजली. परकार होते. अकरा वर्षांत आम्ही तिसऱ्यांदा समोरासमोर उभे होतो, आणि पेढा हातात नसताना पहिल्यांदाच. ते माझ्या आठवणीपेक्षा बुटके होते.

“कशाला बोललात, बाई?” ते म्हणाले. “आम्ही दोघांनी निभावून नेलं असतं की.”

“म्हणून तर बोलले.”

त्यांनी ते डोक्यात फिरवून बघितलं, आणि त्यांच्यासारख्या माणसाला त्याचा जो एकच अर्थ लागू शकत होता तो लागला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ते त्यांनी मनगटाने पुसलं.

“दुसऱ्यावर भार नको म्हणून,” ते म्हणाले. “काय माणूस आहात तुम्ही, बाई. आणि मी तुम्हाला इतकी वर्षं खोटे आकडे देत राहिलो.”

मी कठड्याला धरून उभी होते. आता ते आणखी काही बोलतील, फक्त माझ्याशी, असं मला वाटलं. मी वाट बघत होते.

“थांबा,” ते म्हणाले, “हे बिवलकरांना सांगायला हवं,” आणि त्या वयात दोन-दोन पायऱ्या घेत ते वर गेले.